भाषांतराआधी भांडं बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका वस्तीत दवाखान्यातर्फे जुलाब, रक्तवाढीच्या गोळ्या, बीपी आणि शुगर यांची माहिती द्यायची आहे. वस्तीत मराठवाड्यातून आलेली कुटुंबं आहेत, कर्नाटक-तेलंगणाच्या सीमेकडचे वडार आणि लमाण आहेत, उर्दू वाचणारी मुस्लिम घरं आहेत आणि शेजारच्या बांधकामावर बिहार-झारखंडचे मजूर आहेत. शुद्ध मराठीतली पत्रकं छापून वाटून झाली, पण कोणाच्या वागण्यात फरक दिसत नाही. आता ती पाच भाषांत करून घ्यावीत, की नुसती चित्रांची करावीत?

दोन्ही कधीतरी करावं लागेल, पण सुरुवात तिथून नको. आधी प्रत्येक विषयातली एकच कृती निवडा. ती त्या घरातल्या भांड्यात, नळाच्या वेळेत आणि महिन्याच्या पैशांत बसते का, ते बघा. बसत नसेल तर तिचं पन्नास भाषांत भाषांतर केलं तरी ती होणार नाही. बसत असेल तर मात्र मोडक्या-तोडक्या हिंदीतही काम होतं.

जुलाबाचंच घेऊ. ‘एक लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ’ हे वाक्य आपल्याला पाठ असतं. आता ते घेऊन घरात शिरा. लिटर कुठे आहे? तांब्या कोणाचा किती मोठा, याचा नेम नसतो. पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली मात्र जवळपास प्रत्येक घरात सापडते, म्हणून माप तिचंच द्यावं. थंड पेयाची दोन लिटरची बाटली तिच्याशेजारी ठेवून ‘ही नाही’ हेही दाखवावं. मग चमचा. आपल्या मनात असतो चहाचा, ५ मिलीचा. घरात हाताशी असतो पोह्यांचा, त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही मोठा, आणि साखर घ्यायची सवय शिगेची. मीठ याच मापाने पडलं तर बाळाच्या रक्तातलं सोडियम वाढतं, झटकेही येऊ शकतात. त्यामुळे ‘सपाट’ हा शब्द सांगून सोडू नका. त्यांच्याच चमच्यात त्यांचंच मीठ घ्या, सुरीच्या पाठीने शीग काढा आणि उरलेल्यातलं अर्धं करून दाखवा. साखर घालण्याआधी मिठाचं पाणी चाखायला लावा: डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ते ओतून द्यायचं. ही खूण अक्षरओळख नसलेल्या आजीलाही जन्मभर पुरते.

घरचं मिश्रण ही अडीनडीची सोय आहे. त्यात पोटॅशियम आणि सायट्रेट नसतं, म्हणून मिळेल तिथे ओआरएसची, म्हणजे जलसंजीवनीची, तयार पुडीच द्यावी. पण पुड्या दोन मापांच्या येतात: लिटरची साधारण २० ग्रॅमची आणि २०० मिलीची साधारण ४ ग्रॅमची. ‘एक पुडी, एक बाटली’ असं सरसकट शिकवलं की लहान पुडी लिटरभर पाण्यात जाते आणि तिचा उपयोग होत नाही. उलटी चूक जास्त धोक्याची आहे. मोठ्या पुडीतली चिमूटभर पूड ग्लासात घालून बाकीची गुंडाळून ठेवतात, ग्लासातलं पाणी कधी पातळ तर कधी फार दाट होतं, आणि उरलेली पूड ओलसर होऊन गोळा धरते. दवाखान्यात ज्या मापाची पुडी येते त्याच मापाचं भांडं हातात घेऊन शिकवा. तयार पाणी २४ तासांनी टाकायचं, हेही सांगा. दुकानात मिळणारी गोड पॅकबंद पेयं ही ओआरएस नव्हेत. त्यांत साखर जास्त आणि मीठ अपुरं असतं, जुलाब वाढू शकतात.

एवढं करूनही पाणी सोडून देतात, त्याचं मुख्य कारण वेगळं आहे. आई हे औषध समजून देते. चार वेळा देऊन जुलाब थांबले नाहीत की ‘लागू पडलं नाही’ म्हणते, आणि तिच्या जागी ती बरोबरच असते, कारण हे पाणी जुलाब थांबवत नाही हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं. ते पहिल्याच वाक्यात सांगा. मेथीची सुकलेली जुडी पाण्यात उभी करून ठेवा, बोलणं संपेपर्यंत पानं वर आलेली दिसतात. मग बाटलीला खाली बारीक भोक पाडून वरून पाणी ओतत राहा: गळती चालू आहे तोवर भर चालू. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबामागे ५० ते १०० मिली, मोठ्या मुलाला १०० ते २०० मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा. अंगावरचं दूध आणि जेवण चालूच ठेवायचं. ‘पोटाला आराम’ म्हणून पाणी तोडायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. ती सांगणाऱ्या सासूबाईंना खोडून काढण्यापेक्षा त्यांनाच भरपाईचं काम द्या, कप मोजायला त्यांच्याइतकं घरात कोणी बसून नसतं. मूल सुस्त पडलं, पीत नाही, डोळे खोल गेले, शौचात रक्त दिसलं तर कप मोजत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

झिंकची गोळी सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलीग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलीग्रॅम, १४ दिवस. पण जुलाब तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबले की घरात गोळीही थांबवतात, आणि ती थांबवायची नसते. कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडायची सवय आपल्याकडे जुनी आहे. त्याच कॅलेंडरवर १४ चौकोनांना आईकडूनच पेनाने गोल करून घ्या आणि दिलेल्या दिवशी फुली मारायला सांगा.

पाण्याबाबतही असंच. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता भागात गिया बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा ‘पाणी उकळून प्या’ हे वाक्य शहरभर फिरलं. पण ‘उकळणं’ म्हणजे अनेक घरांत हाताला चटका बसेपर्यंत तापवणं. सांगायचं असं: मोठे बुडबुडे सगळीकडून वर यायला लागले की एक मिनिट मोजा, मग बंद. सगळं पाणी उकळायला सांगू नका, तेवढा गॅस त्या घराला परवडत नाही आणि न परवडणारा सल्ला दोन दिवसांत पूर्ण सुटतो. फक्त पिण्याचं उकळा, झाकून ठेवा, ओगराळ्याने काढा. ग्लास बुडवून बोटं पाण्यात गेली की उकळलेलं वाया.

डेंगीत ‘पाणी साठवू नका’ हा संदेश तर वस्तीत निरुपयोगीच आहे. नळ तासभर येत असेल तर पिंप भरावंच लागणार. त्यापेक्षा ‘आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून आतली कड काथ्याने घासा, मग भरा, वर कापड बांधा’ असं सांगा. अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत, आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा हिशेब. हे कारण सांगितलं की लोक वार ठरवतात. नुसतं ‘कोरडा दिवस पाळा’ म्हटलं की ते सरकारी फलकावरचं वाक्य होतं.

आता शब्दांकडे. ‘अतिसार’, ‘क्षयरोग’, ‘रक्तक्षय’, ‘श्वेतपदर’ हे छापील शब्द आहेत. बोलण्यात हगवण, टीबी, अंगात रक्त कमी असणं, अंगावर पांढरं जाणं हे असतात. गर्भाशयाला ‘पिशवी’ म्हणतात. तोच शब्द वापरावा, त्यात कमीपणा नाही. तपासणीचा निकाल ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणजे चांगला आला, असं समजून आनंदाने घरी जाणारी माणसं असतात. त्यामुळे ‘आजार सापडला’ किंवा ‘आजार सापडला नाही’ एवढं पूर्ण वाक्य बोला.

मराठी-हिंदीची सरमिसळ करताना फार जपा. आपलं ‘जुलाब’ हिंदीत पोट साफ करायच्या औषधासाठी वापरतात. बिहारच्या बाईला ‘जुलाब की दवा’ म्हटलं तर ती नेमकं उलटं समजू शकते, तिथे ‘दस्त’ म्हणा. उलट मराठी माणसाच्या मनात ‘दस्त’ नोंदणी कार्यालयातला. हिंदीतलं ‘खाली पेट’ मराठी कानाला पोटाच्या खालची जागा वाटतं. हिंदीतली ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, आपल्याकडची शिक्षा काय असते ते सांगायला नको. ‘कल’ कालचा की उद्याचा हे संदर्भावर ठरतं, म्हणून पुढची तारीख वाराने सांगावी. ‘दिवसाआड’, ‘दीड’, ‘अडीच’, ‘पाऊण’ हे शब्द मराठीबाहेरच्यांसाठी टाळा आणि गोळी मोडूनच दाखवा. पत्रकावर ‘१/२ गोळी’ छापलं की ती ‘एक-दोन गोळ्या’ अशी वाचली जाते. अर्ध्या गोळीचं चित्र काढा.

वेळेचाही असाच घोटाळा होतो. ‘सकाळी जेवणानंतर’ म्हणजे कधी? कोथरूडला चार घरची धुणीभांडी करणारी बाई पहाटे चहा पिऊन निघते आणि तिचं पहिलं जेवण दुपारी बाराला होतं. रात्रपाळीच्या वॉचमनची सकाळ संध्याकाळी होते. आधी त्या माणसाचा दिवस विचारून घ्या आणि गोळी त्यातल्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला बांधा. शुगरच्या तपासणीआधी ‘उपाशीपोटी या’ म्हटलं की माणसं चहा पिऊन येतात, कारण चहाला कोणी खाणं म्हणत नाही. ‘आठ तास पाण्याशिवाय काहीही नाही, चहासुद्धा नाही, तंबाखूसुद्धा नाही’ असं सुटं सुटं सांगावं लागतं.

वाचता येतं का, हे चारचौघांत विचारू नये. पुणे जिल्ह्याची साक्षरता २०११च्या जनगणनेत ८६ टक्क्यांच्या आसपास होती, पण त्या आकड्यात नाव लिहिता येणारा आणि औषधाच्या डबीवरची बारीक सूचना वाचून हिशेब करणारा एकाच रांगेत असतो. शिवाय लाज असते. ‘चष्मा घरी राहिला’, ‘नंतर वाचते’ ही उत्तरं ओळखायला शिका. कार्ड उलटं हातात द्या. वाचणारा ते लगेच सरळ करतो. किंवा ‘हे घरी कोण वाचून दाखवतं?’ एवढंच विचारा, त्यात कोणाचा मान जात नाही. अक्षर न येणाऱ्यांतही आकडे ओळखणारे पुष्कळ असतात, मोबाइल आणि नोटांमुळे. ते आकडे बहुधा इंग्रजी वळणाचे असतात, म्हणून गोळ्यांच्या कार्डावर तेच छापावेत. बाकी छपाईचं लांबवत नाही: अक्षर १४ पॉइंटच्या वर, ओळींत एवढी जागा की वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडू नयेत, एका वाक्यात दहा-बारा शब्द, आणि ‘प्रतिबंधात्मक उपाययोजना’सारखी जोडाक्षरांची माळ कुठेही नाही.

चित्रं सगळ्यांना कळतात हा मोठा गैरसमज आहे. चित्र वाचणं ही शिकलेली गोष्ट आहे. फलकावर हातभर मोठा डास काढला की ‘आमच्याकडचे डास एवढे नसतात’ असं मनापासून म्हणतात. धड-डोकं नसलेली सुटी गर्भपिशवी ओळखू येत नाही. ती बाईच्या पूर्ण आकृतीत, साडीच्या आत दाखवावी. लाल फुलीचा अर्थ ‘करू नका’ असाच घेतला जाईल याची खात्री नाही, कारण आपणच कॅलेंडरवर ‘झालं’ म्हणून फुली मारायला सांगितलेली असते! चार चौकटींची चित्रमालिका उर्दू वाचणारी व्यक्ती उजवीकडून सुरू करू शकते, आणि मग हात आधी पुसून नंतर धुतले जातात. चौकटी वरून खाली लावल्या की हा प्रश्न मिटतो. कपडे, चूल, भांडी त्या लोकांची हवीत. लमाण बाईला पुण्यातल्या फ्लॅटच्या ओट्यापाशी उभी केली की ती गोष्ट दुसऱ्या कोणाची होते.

छापण्याआधी प्रत्येक गटातल्या पाच-सहा जणांना एकेकट्याला चित्र दाखवा. घोळक्यात एक हुशार बाई उत्तर देते आणि बाकीच्या माना डोलावतात. ‘कळलं का?’ विचारू नका. ‘यात काय चाललंय?’ विचारा आणि जे बोलतील ते शब्दशः लिहून घ्या. दोघांनी चुकीचं सांगितलं तर चित्र बदला आणि नव्या माणसांना दाखवा. या कामाला दोन दुपारी लागतात. पाच हजार प्रती छापल्यावर चूक कळण्यापेक्षा ते फार स्वस्त आहे.

लमाणांच्या गोरबोलीला स्वतःची लिपी नाही, तिथे छापण्याचा हट्ट धरू नये. त्या समाजातल्याच बाईच्या आवाजात मिनिट-सव्वा मिनिटाचं ध्वनिमुद्रण करा, एका मुद्रणात एकच कृती, आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू द्या. ऐकणाऱ्या दुसऱ्याच माणसाकडून ते मराठीत परत सांगून घ्या. मूळ अर्थ कुठे सांडला ते तिथे कळतं. दुभाषा म्हणून घरातल्या शाळकरी मुलीला उभं करू नका. आईची पाळी किंवा तांबी तिच्या तोंडून येणार नाही आणि यायलाही नको. मुकादमालाही नको. तुमचा सल्ला तो हुकूम म्हणून सांगतो आणि बायका उत्तरं त्याला हवी तशी देतात.

आता समजुती आणि रीती. रक्तवाढीची लाल गोळी गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून १८० दिवस घ्यायची असते, ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची. ती का सोडली जाते? ‘गरम पडते’, ‘बाळ काळं होतं’, ‘बाळ फार मोठं होऊन अडतं’ आणि शौचाला काळं होतं म्हणून. शेवटची गोष्ट खरी आहे. ती आधीच सांगितली नाही तर गोळीबरोबर तुमच्यावरचा विश्वासही जातो. ‘गरम’ या शब्दाशी वाद घालू नका. मळमळ आणि जळजळ हा तिचा खरा अनुभव आहे, तिने त्याला दिलेलं नाव तेवढं वेगळं आहे. रात्री जेवणानंतर, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यायला सांगा: जेवणानंतर घेतल्याने जळजळ कमी होते, लिंबामुळे लोहही जास्त मुरतं आणि ‘उष्णतेला लिंबू’ हे तिच्या मनातल्या हिशेबातही बसतं. चहा आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून दोन तास लांब. नाळ कापल्यावर चिकाचं दूध पिळून टाकणं किंवा मध चाटवणं याबाबतीत मात्र इतकं मऊ राहता येत नाही. वर्षाखालच्या बाळाला मधाने जिवाला धोका होऊ शकतो, तिथे स्पष्ट ‘नाही’ म्हणायचं. रीत मोडायची नसेल तर मधाचं बोट आजीने बाळाच्या कपाळाला लावावं, ओठांना नाही. कोणती समजूत निरुपद्रवी, कोणती उपयोगी आणि कोणती घातक, याची वाटणी आधी आपल्या मनात झालेली हवी. सगळ्यांवर एकाच आवाजात तुटून पडलं की घातक असलेलीही सुटत नाही.

शुगरच्या रुग्णाने ‘उपास आहे’ म्हटलं की पुढचा प्रश्न ‘कसला?’ हाच हवा. चतुर्थीचा उपास म्हणजे बहुधा साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा, म्हणजे साखर वर. हरतालिकेचा निर्जळी उपास म्हणजे गोळी घेतल्यावर साखर खाली. छठचं व्रत ३६ तासांच्या आसपास पाण्याविना असतं. रमजानचा रोजा महिनाभर, पहाटे सहरी ते संध्याकाळी इफ्तार. चौघांना ‘उपास करू नका’ हे एकच उत्तर दिलं तर चौघंही उपास करतील आणि पुढच्या वेळी तुम्हाला सांगणार नाहीत. रोज्यासाठी डॉक्टरांकडे सहा ते आठ आठवडे आधी पाठवा, गोळ्यांची मात्रा आणि वेळ बदलावी लागते. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायचा, हे मौलानांच्या तोंडून आलं तर ते मनापासून मानलं जातं, तेव्हा त्यांना आधीच भेटा. चतुर्थीला साबुदाण्याऐवजी थोडी भगर, दाण्याची आमटी, काकडी, ताक सुचवा. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर ३ सपाट चहाचे चमचे साखर अर्धा कप पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा बघा. देवाचा उपास मोडेल म्हणून बाई साखर टाळते, हे लक्षात ठेवून घरातल्या मोठ्यांसमोरच सांगा.

बीपीच्या रुग्णाला ‘मीठ कमी करा’ म्हणण्यापेक्षा पुड्याची तारीख विचारा. माणशी दिवसाला ५ ग्रॅम धरले तर चौघांच्या घरात किलोचा पुडा ५० दिवस पुरायला हवा. फोडल्याचा दिवस पुड्यावरच लिहायचा. तो महिन्यात संपत असेल तर हिशेब समोर आहे, आणि लोणचं, पापड, वडापाव त्यात धरलेलेच नाहीत.

पुण्याला या सगळ्याची आठवण करून द्यायची गरज नसावी. १८९७च्या प्लेगात रोगी शोधायला गोरे शिपाई स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले. लोकांनी आजारी माणसं लपवली, आणि २२ जूनला प्लेग समितीचा प्रमुख रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करत होत्या. १० मार्चला त्यांचा त्याच रोगाने मृत्यू झाला. साथ एकच होती, शास्त्रही एकच होतं. उंबऱ्यावर कोण आणि कसं उभं आहे, याने फरक पडला.

शिकवून झालं की ‘समजलं ना?’ विचारू नका. त्याला ‘हो’ हेच उत्तर येतं, ते आदराचं असतं. ‘मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. घरी जावेला हे कसं सांगाल?’ असं विचारा. चूक निघाली तर ‘माझं सांगणं राहिलं’ म्हणून तेवढाच भाग दुसऱ्या तऱ्हेने सांगा आणि पुन्हा म्हणवून घ्या. एका बैठकीत तीनच गोष्टी, चौथी पुढच्या वेळी. दोन आठवड्यांनी आशाताईंना घरी पाठवा, पण प्रश्नावली घेऊन नको. ‘बाटली दाखवा, चमचा दाखवा, पाणी करून दाखवा’ एवढंच सांगायला. दहा घरांपैकी सात घरांत सपाट चमचा पडला तर पुढचा विषय घ्या. कमी पडला तर आधी त्या घरांतले चमचे मोजून बघा: चहाचा चमचाच नसलेली घरं बरीच निघतील. तिथे ५ मिलीची खूण असलेलं औषधाच्या बाटलीचं झाकण देऊन यावं.